मॅटी शॉटनच्या वाफ्याखालचं गटार

ॲव्हरिलने मॅटी शॉटनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो गारांच्या माऱ्यात उभा राहून भाजीवर छत्री धरत होता. मोठी काळी छत्री होती, अंत्ययात्रेला नेतात तसली, आणि ती पूर्णपणे वाफ्यावर होती. मॅटीच्या डोक्यावर फक्त टोपी, आणि टोपीवर गारा ताडताड वाजत होत्या.

ॲव्हरिल त्याच दिवशी दोन नंबरच्या घरात राहायला आली होती. खोकी अजून बांधलेलीच होती. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि ओरडून विचारलं, "अहो, आत येता का? चहा टाकते."

"मी आत आलो तर ह्यांच्यापाशी कोण थांबेल, पोरी?" तो म्हणाला.

एक नंबरच्या दारातून बाईचा आवाज आला. "लग्नाच्या दिवशी पाऊस होता. तेव्हा माझ्यावर नव्हती हो धरली छत्री." ती एटी, मॅटीची बायको. हे ती रागाने बोलत नव्हती. ही तक्रार तिने इतकी वर्षं वापरली होती, की तिचे कोपरे झिजून ती गुळगुळीत झाली होती.

छत्रीखाली होते ते लीक. कांद्याच्याच घराण्यातले, पण मॅटीचे लीक मांडीएवढे जाड व्हायचे. उत्तर इंग्लंडात डरहॅमकडच्या कोळसाखाणींच्या गावांत पुरुषमाणसं यापायी काय काय करतात ते ॲव्हरिलला ऐकून माहीत होतं. ती डार्लिंग्टनची, म्हणजे बसने तासाभराच्या अंतरावरची. थॉर्नी लॉ गावाच्या हिशेबाने तेवढं पुरेसं होतं. पुढली कितीतरी वर्षं ती 'नवी बाई'च राहिली.

गावातली खाण बंद पडली होती. मॅटीने तिथे सोळाव्या वर्षापासून काम केलेलं. खाण गेल्यावर काही जण दारूत बुडाले, काहींनी कबुतरं पाळली, आणि मॅटी घरामागच्या वाफ्यात उतरला तो तिथेच राहिला. दर सप्टेंबरला कामगार क्लबात लीकचं प्रदर्शन भरायचं. तीन लीक धुऊन, पुसून, काळ्या कापडावर शेजारीशेजारी मांडायचे. परीक्षक टेप घेऊन मापं काढणार. पहिल्या बक्षिसाला कप, आणि कपाबरोबर संसाराला लागणारी एखादी वस्तू. सलग चार वर्षं मॅटी पहिला आला होता. एटीच्या घरातला सोफा, गालिचा, कपडे धुण्याचं मशीन आणि झोपायच्या खोलीतला दिवा, हे सगळं लीकनेच आणलेलं. पाहुणे आले की ती म्हणायची, "बसा, बसा. भाजीवर बसा."

तीन नंबरात नॉरिस केल राहायचा. विधुर, उंच, वाकलेला, आणि जन्मभराचा मॅटीचा सोबती. खाणीत दोघे एकाच टोळीत होते. वरती आल्यावर मात्र ते शत्रू होते, कारण ज्या चार वर्षी मॅटी पहिला आला त्या चारही वर्षी नॉरिस दुसरा आला.

"काय घालतोस रे त्यात?" नॉरिस कुंपणावरून विचारायचा.

"प्रेम."

"प्रेमाला असला वास येत नाही."

वास यायचा हे खरं होतं. मॅटीच्या शेडमध्ये कुलूपबंद पिंप होतं. त्यात काजळी, मेंढीच्या लेंड्या, उरलेली बिअर आणि आणखी काहीतरी कुजत असायचं, आणि ते आणखी काय हे एटीलासुद्धा ठाऊक नव्हतं. संध्याकाळी वारा पडला की सगळ्या परसांत दर्प पसरायचा. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे आणि म्हणायचे, मॅटीने पिंप उघडलं वाटतं. या दर्पाचा मॅटीला अभिमान होता. एकदा तो ॲव्हरिलला हळूच म्हणाला, "हा पाककृतीचा वास आहे. माझ्याबरोबर जाणार ती." वाऱ्यापासून लीकना आडोसा म्हणून त्याने वाफ्याभोवती फळ्या लावल्या होत्या. त्या फळ्यांचे खांब म्हणजे खाणीतल्या जुन्या रुळांचे तुकडे. खाण मोडीत निघाली तेव्हा त्याने ते मागून आणले होते. ते ठोकले त्याच वर्षी त्याचा पहिला कप आला.

चार कपांनंतर, पाचव्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲव्हरिलचं गटार तुंबलं.

आधी न्हाणीतलं पाणी सावकाश उतरू लागलं. मग उतरेनासंच झालं. मग एके सकाळी परसातल्या चेंबरचं झाकण आपोआप उचललं गेलं आणि जे आत राहायला हवं ते बाहेर आलं. नॉरिसकडे पाणी टाकलं की ते ॲव्हरिलच्या परसात हजर व्हायचं. तिन्ही घरांचं गटार एकच होतं. नॉरिसच्या घरामागून ते निघायचं, ॲव्हरिलच्या परसातून मॅटीच्या वाफ्याखाली जायचं आणि पलीकडे रस्त्यातल्या मोठ्या गटाराला मिळायचं. मॅटीचं सांडपाणी अगदी शेवटी, रस्त्यापाशी त्यात पडायचं. त्यामुळे त्याच्या घरी सगळं सुरळीत होतं. आणि तेव्हा कायदा असा होता की दोन-तीन घरांचं सामाईक गटार म्हणजे त्या घरमालकांचीच जबाबदारी. बिघडलं तर तिघांनी मिळून निस्तरायचं, नाहीतर तिघांनी आपापल्या घराच्या विम्याकडे जायचं.

गटारवाला आला. त्याने काठ्या घातल्या, मग कॅमेरा घातला. कॅमेरा मॅटीच्या कुंपणाखाली गेला आणि चिखलात आंधळा झाला. "पुढे पाइप फुटलाय," तो म्हणाला. "कशाने ते दिसत नाही. मूळ असेल, काहीही असेल. वरून खणायला लागणार."

वर मॅटीचे लीक होते, आणि प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले होते.

खर्चाचा आकडा ऐकून ॲव्हरिल पायरीवर बसली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तसला आकडा तिच्याकडे नव्हता आणि नॉरिसकडेही नव्हता. आता भिस्त विम्यावर. तिघांचे विमे तीन कंपन्यांचे, पण फोनाफोनी होऊन ठरलं की ॲव्हरिलच्या कंपनीचा माणूस पाहणी करील आणि तो म्हणेल ते बाकीच्या दोन कंपन्या मानतील.

तो आला. मिस्टर प्रिंगल. न्यूकॅसलचा, मऊ बोलणारा, टायवर बारक्या सायकली छापलेल्या. तिन्ही घरं परसात जमली. त्याने चेंबरमध्ये डोकावून पाहिलं, कुंपणापलीकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे गेल्या काही वर्षांत कुणी खोदकाम केलंय? काही ठोकलंय?"

इथे सगळं बिघडलं. कारण थॉर्नी लॉमध्ये टाय घातलेल्या माणसाने "कुणी केलं?" असं विचारलं, की एकच उत्तर असतं, आणि ते पोरं बोलायला लागायच्या आधीच शिकतात. खाणीत साहेब खाली उतरायचा, मोडलेलं गाडं बघायचा आणि विचारायचा, कुणी केलं? कुणीच पाहिलेलं नसायचं. गाडं आपोआप मोडलेलं असायचं. ही रीत खाणीबरोबर संपली नव्हती.

"कुणी काही केलं नाही," नॉरिस म्हणाला. "पाइप म्हातारे झालेत. माझ्यासारखे."

"झाडबीड? कुदळ लागली असेल?"

"ह्याने?" एटी म्हणाली. "ह्याने कुदळ हातात धरली तरी जमीनच ह्याला लागते."

प्रिंगलने वही खाली केली. त्याच्या चेहऱ्यावर विनवणीसारखं काहीतरी होतं. "जरा आठवून बघा," तो म्हणाला. "एखादा धक्का. एखादा अपघात. मी घाईत नाही."

मॅटी टोपीची कड चाचपत होता. मग प्रिंगल ॲव्हरिलकडे वळला. "तुम्हाला काय वाटतं?"

ॲव्हरिलच्या नजरेसमोर त्या वेळी गटार नव्हतं. नॉरिस आणि एटी दोघे तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात ती पहिल्यांदाच 'नवी बाई' नव्हती. "झिजले असतील हो," ती म्हणाली. "घरं जुनीच आहेत."

प्रिंगलने सुस्कारा सोडला, लिहिलं आणि गेला. नॉरिस तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरोबर बोललीस. त्याला हवं होतं आपण एकमेकांकडे बोट दाखवावं."

दोन दिवसांनी नकार आला. ॲव्हरिलने फोन लावला. प्रिंगल तितक्याच मऊपणाने म्हणाला, "बाई, घराचा विमा अपघाताचा असतो. म्हातारपणाचा नसतो. कुणाच्या हातून चुकून पाइप फुटला असता तर आम्ही सगळं भरलं असतं. मी तुम्हाला तीनदा विचारलं. तुम्ही तिघांनी मिळून मला म्हातारपण सांगितलंत."

तिने हे कुंपणापाशी येऊन सांगितलं तेव्हा नॉरिसने डोकं खाजवलं.

"म्हणजे कुणीतरी फोडलाय म्हटलं असतं तर मिळाले असते?"

"हो."

"मग सांग त्याला, मी फोडला."

"कशाने, नॉरिस?"

"रागाने."

"तो खणून बघणार ना."

"बघू दे. मला राग होता का नव्हता हे खणून कसं दिसेल?"

एटी हसली. मॅटी हसला नाही. तो वाफ्यातल्या तिसऱ्या खांबाकडे बघत होता. मग तो घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लीकपाशी आला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. एटीने ॲव्हरिलला सांगितलं, "रात्रभर कूस बदलत होता. विचारलं तर म्हणतो, पोट. ह्याच्या पोटाला चाळीस वर्षांत काही झालेलं नाही. दगड पचवतो."

ॲव्हरिलला खोदून विचारायला वेळ नव्हता. तिच्या घरात पाणी टाकायची सोय उरली नव्हती. भांडी ती बादलीत धुवायची आणि बादली रस्त्यावर नेऊन ओतायची. शाळेला सुट्टी, म्हणून तिथेही सोय नाही. दिवसाआड ती पिशवीत टॉवेल, साबण आणि बदलायचे कपडे घालून बसने बहिणीकडे आंघोळीला जायची. त्या दिवशी ती थांब्यावर उभी असताना मॅटी दुकानातून परत येत होता. पिशवीतून टॉवेल डोकावत होता. त्याने टॉवेलकडे पाहिलं, मग बसकडे पाहिलं.

"कुठे, पोरी?"

"बहिणीकडे. धुऊन येते जरा."

तो मान हलवून पुढे गेला.

ती परतली तेव्हा तो तिच्या पायरीवर बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. मॅटीचं टक्कल तिने आजच पाहिलं.

"त्या सायकलवाल्या टायला परत बोलाव," तो म्हणाला. "सांग, फावडी आम्ही आणू."

"काय झालं, मॅटी?"

"तिसरा खांब. ठोकताना खाली काहीतरी कटकन वाजलं होतं. मला वाटलं दगड. खुश झालो, म्हटलं आता पक्का बसला." त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. "त्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा आठवलं. पण नॉरिस माझ्यासाठी बोलून चुकला होता. त्याला खोटं कसं पाडू? आणि खांब काढायचा म्हणजे..." तिसऱ्या खांबाच्या दोन्ही बाजूंना त्या वर्षीचे सगळ्यात जाड लीक उभे होते.

"प्रदर्शन होऊ द्या," ॲव्हरिल म्हणाली. ती मनापासून म्हणाली, आणि म्हणताना तिला बादली दिसत होती. "तीन आठवड्यांनी काय फरक पडतो? मी काढीन दिवस कसेतरी."

"पोरी," मॅटी म्हणाला, "तू आंघोळीला बसने जातेस."

नॉरिसला हे कळलं तेव्हा तो धावतच आला आणि मॅटीला शिव्या घालू लागला. "अक्कल आहे का? तीन आठवडे थांब की लेका. तू नसलास तर मी जिंकलो काय न् हरलो काय?"

"तू जिंकून बघ आधी," मॅटी म्हणाला. "मग सांग कसं वाटतं."

लीक मॅटीने स्वतःच काढले. कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून, बोटांनी माती मोकळी करून, एकेक असा बाहेर घेतला जसं झोपलेलं मूल गाडीतून उचलतात. एटीने त्यांच्यासाठी जुनी चादर अंथरली होती. ती त्या दिवशी काही टोमणा मारत नव्हती, आणि तेच ॲव्हरिलला जास्त लागलं. यंदाचं पहिलं बक्षीस म्हणजे मोठा फ्रीझर होता. एटीने स्वयंपाकघरात त्याची जागा मोकळी करून ठेवली होती.

मग नॉरिस आणि गटारवाला खणू लागले. मिस्टर प्रिंगल आज रबरी बूट घालून आला होता आणि टाय शर्टाच्या आत खोचला होता. कमरेएवढं खोल गेल्यावर नॉरिस थांबला. मातीचा पाइप तिथे होता, आणि खाणीच्या रुळाचा तुकडा त्याच्यातून आरपार गेला होता. इतका नेमका मध्यातून, की मापून मारला तरी बसला नसता. त्याच्याभोवती वर्षानुवर्षांचा कागद अडकून गोळा झाला होता.

प्रिंगल वाकला. त्याचा चेहरा उजळला.

"अपघाती नुकसान," तो म्हणाला. "ह्याहून स्पष्ट मी कधी पाहिलं नाही." आणि खड्ड्याच्या कडेने येऊन त्याने मॅटीचा चिखलाचा हात हातात घेतला. "फार छान, मिस्टर शॉटन. फारच छान."

"मी आयुष्यभर ह्याच्या मोडलेल्या वस्तू उचलल्या," एटी म्हणाली. "शाबासकी आज पहिल्यांदा मिळाली."

सगळे हसले. ॲव्हरिल इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं, आणि मग जरासं रडूही आलं, ते तिने हसण्यातच मिसळून टाकलं.

नॉरिस मात्र अजून खड्ड्यातच होता. तो फोडलेल्या पाइपाभोवतीची माती हातात घेऊन बघत होता. काळीभोर, ओली, लोण्यासारखी माती. त्याने तिचा वास घेतला. मग त्याने वाफ्याकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं आणि स्वतःच्या घराकडे पाहिलं.

"मॅटी," तो हळूच म्हणाला. "हा खांब तू पहिल्या कपाच्या वर्षी ठोकलास ना?"

मॅटीलाही कळलं होतं. ते यश पाककृतीचं नव्हतंच. पिंपाचं नव्हतं, बिअरचं नव्हतं, आडोशाच्या फळ्यांचंही नव्हतं. चार वर्षं त्याच्या लीकना वरच्या दोन घरांनी जेवू घातलं होतं. तो चादरीवरच्या लीककडे बघत राहिला, आणि त्या क्षणी तो फार म्हातारा दिसला. खाण बंद झाल्यावर हाताला उरलेलं एकमेव यश त्याच्या नावावरून उतरत होतं, आणि तेही शेजाऱ्यांसमोर, विम्याच्या माणसासमोर.

नॉरिसने हे पाहिलं. तो खड्ड्यातून वर आला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "मग हिशेब सरळ आहे. दोन घरांचा माल. सोफ्यावर दोन बसायच्या जागा आमच्या. एक माझी, एक ॲव्हरिलची."

"मला दिवा चालेल," ॲव्हरिल म्हणाली.

"आणि मी चार वर्षं," नॉरिस म्हणाला, "चार वर्षं माझ्याच जोरावर स्वतःशीच हरत होतो. गड्या, एवढं खाऊन पिऊन मी तुला जिंकवलं. निदान एकदा आभार तरी मान."

मॅटीच्या तोंडाची कड हलली. "तू काय खातोस ते माहीत असतं," तो म्हणाला, "तर मी लीक लावलेच नसते."

त्यानंतर त्याने शेड उघडून पिंप बाहेर आणलं आणि नॉरिसला देऊ केलं. "घे. पाककृती. काही कामाची नाही, हे सरकारमान्य आहे आता."

"विमामान्य," प्रिंगल म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदाने लाजला.

आठवड्याच्या आत नवा पाइप पडला. तिन्ही कंपन्यांनी आपापला वाटा भरला. ॲव्हरिलने त्या दिवशी टब काठोकाठ भरला आणि पाणी थंड होईपर्यंत आत बसून राहिली. चादरीवरच्या लीकचं काय करायचं हा प्रश्न उरला. एरवी एटीने ते पिठात गुंडाळून वाफवले असते आणि त्यांचं पुडिंग केलं असतं, पण ती म्हणाली की ती हात लावणार नाही, आणि तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

सप्टेंबरात नॉरिस पहिला आला. कप घेताना तो रडला, आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटला की बारमधला धूर डोळ्यांत गेला. वास्तविक क्लबात धूम्रपान बंद होऊन वर्ष झालं होतं. मॅटी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मापं ऐकताना त्याचे ओठ हलत होते. बाहेर आल्यावर तो ॲव्हरिलला म्हणाला, "माझे ह्याच्यापेक्षा मोठे होते." मग थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "पण ह्याचे ह्याचेच होते."

फ्रीझर नॉरिसच्या घरात मावेना. दारातून आत जाईना असं तो म्हणाला. ॲव्हरिलने ते दार पाहिलेलं होतं, आणि त्यातून त्याच्या बायकोचा पियानो गेला होता. पण ती काही बोलली नाही. थॉर्नी लॉमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कुणी विचारलं नाही तर गप्प कसं बसायचं हे तिलाही येत होतं. फ्रीझर एटीने मोकळ्या केलेल्या जागेत बसला. वरचा कप्पा नॉरिसचा.

मॅटी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. नॉरिस आणि तो जुन्या खाणीच्या रस्त्यावर एक पट्टा भाड्याने घेऊन भागीत लीक लावतात, जिथे जमिनीखाली कुणाचंच गटार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मॅटी खुर्चीवर बसून नॉरिस कुठे चुकतोय ते सांगतो. गेल्या सप्टेंबरात दोघे मिळून सातवे आले.